दहा वॉटचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प घेण्याआधी पाऊण तासाची परीक्षा

घरी सराव करताना इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला चालेल एवढाच ठेवावा लागतो. दुकानात मात्र तोच अ‍ॅम्प निम्म्याच्या वर चढवून, रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा) घालून ऐकवला जातो. मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार वाटतो आणि रिव्हर्बमध्ये मूळ आवाजाचा खडबडीतपणा बुडून जातो. म्हणून प्रॅक्टिस अ‍ॅम्प पारखायचा तो हळू आवाजात, कोणताही इफेक्ट न लावता आणि शक्यतो आपल्याच गिटारवर. खालची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

इथे डोळ्यांसमोर आहे तो १० ते २० वॉटचा, ६ ते ८ इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टरवाला किंवा मॉडेलिंग (वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) अ‍ॅम्प. फेंडर फ्रंटमन १०जी, मार्शल एमजी१०, ऑरेंज क्रश १२ ही या वर्गातली नेहमी दिसणारी नावे. ४ इंची स्पीकर आणि बॅटरीवर चालणारा बॉस कटाना मिनी त्याहून छोटा, पण त्यालाही यातल्या बहुतेक चाचण्या लागू पडतात.

आधी वॉटचा हिशेब

"१० वॉट पुरतील का, की २० घेऊ?" हा प्रश्न सगळेच विचारतात. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. लहान गिटार स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो असे धरले, तर घरातल्या ७० डेसिबलच्या सरावाला एका वॉटचा पन्नासावा भागही लागत नाही. म्हणजे १० वॉट घरासाठी भरपूर आहेत. जादा पैसे खर्च करायचेच असतील तर वॉटऐवजी स्पीकरच्या आकारावर करा. ६ इंचीवरून ८ इंचीवर गेल्यावर जो फरक पडतो, तो १० वरून २० वॉटवर गेल्याने पडत नाही.

गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. ६ इंची स्पीकर इतका खालचा सूर नावापुरताच काढतो. आपल्याला ऐकू येतात ते त्याच तारेचे १६५ आणि २४७ हर्ट्झचे वरचे उपसूर (हार्मोनिक), आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर ताडतो. लहान अ‍ॅम्प जाड तारेवर पोकळ वाटला तर तो बिघाड नव्हे. पण "बास" नॉब पूर्ण फिरवून ती पोकळी भरू पाहिली की स्पीकर भरभरायला लागतो, हे ध्यानात असू द्या.

सोबत काय न्यायचे

स्वतःची गिटार. ते जमणार नसेल तर दुकानातली निवडताना पिकअप (तारांची कंपने टिपणारा चुंबकी भाग) आपल्या गिटारसारखेच असलेली घ्या. सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपवर स्वच्छ वाटणारा अ‍ॅम्प हमबकर या दोन वेटोळ्यांच्या पिकअपवर त्याच जागी फाटू शकतो, कारण हमबकरचा सिग्नल जास्त जोरकस असतो. तारा फार जुन्या नकोत. मेलेल्या तारांवर ट्रेबलची परीक्षा होत नाही. केबल आपली, तीन मीटरची, खात्रीची. साधे वायरवाले हेडफोन आणि ३.५ मिमीवरून ६.३५ मिमीवर नेणारी पिन. नेहमीचे पिक, एक छोटा टॉर्च, आणि फोनमध्ये आवाज मोजणारे एखादे अ‍ॅप. फोनचे माप अचूक नसते, पण दोन अ‍ॅम्प एकाच पातळीवर आणायला तेवढे पुरते.

पहिली दहा मिनिटे: वीज लावण्याआधी

अ‍ॅम्प उचलून हलवा. आत काही खळखळले तर स्क्रू किंवा सोल्डरचा तुकडा सुटलेला आहे. नॉब एकेक करून पूर्ण फिरवा. मध्येच अडकणारा किंवा डुगडुगणारा नॉब नको.

मग इनपुट जॅक नीट बघा, कारण लहान अ‍ॅम्प सगळ्यात जास्त वेळा इथेच मोडतो. टॉर्च लावून पाहा: जॅकच्या तोंडाभोवती धातूचा षटकोनी नट आहे, की जॅक नुसताच प्लास्टिकच्या भोकातून डोकावतो आहे? नट असेल तर पिनवर बसणारा धक्का पॅनेल सोसते. नट नसेल तर जॅक केवळ आतल्या सर्किट बोर्डाच्या सोल्डरवर उभा असतो. केबलवर कुणाचा पाय पडला की बाहेर राहिलेली पिन तरफेसारखे काम करते आणि सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. मग आवाज येतो-जातो, पिन एका बाजूला दाबून धरली तरच वाजतो. नवा अ‍ॅम्प घेताना दोन्हीत निवड असेल तर नटवाला घ्या.

स्पीकरची जाळी निघत असेल किंवा पाठ उघडी असेल तर कागदी कोनावर टॉर्च मारून चिरा, ओल लागल्याचे डाग बघा. मधल्या घुमटाच्या दोन्ही बाजूंना बोटांची टोके ठेवून कोन सारखा, अगदी हलका आत दाबा. तो निमूट आत-बाहेर झाला पाहिजे. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाला घासते आहे, म्हणजे स्पीकर बदलावा लागणार. जाळी निघत नसेल तर ओढाताण करू नका. पुढची स्वरांची चाचणी तेच सांगेल.

शेवटी पाठीमागची पट्टी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतल्या भावाबहिणींनी आणलेले अ‍ॅम्प मराठी घरांत बरेच असतात, आणि त्यांवर बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेले असते. तो सरळ आपल्या प्लगला लावला तर नशीब चांगले असल्यास फक्त फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. मागे ११५/२३० असा खटका असेल तर तो आधी फिरवा. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. पट्टीवरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घेतला की निश्चिंती. हेअर ड्रायरसाठी मिळणारे छोटे इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथे चालत नाहीत. अ‍ॅम्प बाहेरच्या अडॅप्टरवर चालत असेल तर मात्र अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट आहे का ते बघा. तसे असेल तर पिनचा आकार बदलला की काम झाले.

अडॅप्टरबद्दल आणखी एक. पिन बसते म्हणून कीबोर्डचा अडॅप्टर अ‍ॅम्पला लावू नका. व्होल्ट तेच हवेत, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, आणि मधल्या टोकाला धन की ऋण हे दाखवणारे छोटे चित्र दोन्हीकडे सारखे हवे.

गिटार न लावता: अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज

सगळे नॉब शून्यावर ठेवून अ‍ॅम्प चालू करा. हलका धप् आवाज चालतो. आता काहीही न जोडता व्हॉल्यूम निम्म्यावर आणि गेन (सिग्नल चढवून आवाज फाडणारा नॉब) पूर्ण न्या. सूं असा वाऱ्यासारखा आवाज येईल. गेनसोबत तो वाढणारच. एक मीटरवर बसून बोलताना तो खुपत नसेल तर ठीक. घूं असा खालचा आवाज मात्र अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्याचा असतो आणि नव्या अ‍ॅम्पमध्ये तो जेमतेमच असला पाहिजे.

घूं कसला आहे हे ओळखायला गिटारचाच उपयोग होतो. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झवर वाजतो. अ‍ॅम्पचा घूं त्याच सुराच्या अगदी जवळ असेल तर तो १०० हर्ट्झचा आहे: वीजपुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर थकले आहेत. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हे हमखास आढळते, आणि दुरुस्तीही साधी असते. त्याच्या बरोबर एक सप्तक खाली असेल तर तो ५० हर्ट्झचा, म्हणजे अर्थिंग, केबल किंवा पिकअपमधून शिरलेला.

ही चाचणी करताना एक चूक सर्रास होते. केबलचे एक टोक अ‍ॅम्पमध्ये आणि दुसरे हवेत लोंबकळते ठेवून "किती गुणगुणतोय बघा" म्हणतात. उघडी केबल अँटेनासारखी आसपासच्या विजेची गुणगुण ओढते. त्यात अ‍ॅम्पचा दोष नाही. केबल पूर्ण काढा.

गिटार लावून: गुणगुण नक्की कुणाची

गिटारचा व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. गुणगुण वाढली? गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. थांबली तर ती पिकअपची. सिंगल कॉइल असेल तर जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला ती जवळपास नाहीशी होते. अ‍ॅम्पपासून एक मीटर तरी दूर बसा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असेल तर भर्र असा कर्कश आवाज येतो. पंखा बंद करून पुन्हा ऐका. दुकानातल्या एलईडी दिव्यांचेही तसेच.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणे हे सामान्य आहे. हात लावल्यावर ती वाढली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर वाजवणे ताबडतोब थांबवा आणि प्लग काढा. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. घराचे अर्थिंग नसेल तर गळतीचा प्रवाह तुमच्या शरीरातून जातो. तीन पिनचा प्लग दोन पिनमध्ये घुसवण्यासाठी अर्थची पिन कापणे किंवा तिचे कनेक्शन काढणे हा गुणगुणीवरचा उपाय नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या.

आता एक स्वर वाजता ठेवून जॅकमधली पिन वर-खाली, डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर ढकला. कडकड झाली किंवा आवाज तुटला तर दुसऱ्या केबलने खात्री करा. तरीही तसेच झाले तर नवा नग परत द्या.

व्हॉल्यूमची पहिली पाव फेरी

ही चाचणी बहुतेकजण करतच नाहीत, आणि घरात रोज जाणवणारी उणीव नेमकी हीच असते. क्लीन (न फाटलेल्या आवाजाचा) चॅनेल, सगळे इफेक्ट बंद. व्हॉल्यूम शून्यावरून अगदी हळू फिरवत जा. जेमतेम ऐकू येणे आणि फोनवर एक मीटरवरून ७० डेसिबल दिसणे, या दोन जागांमध्ये नॉब किती फिरला? घड्याळाच्या भाषेत सातपासून दहा-साडेदहापर्यंत फिरला तर हाताला सोय आहे. कित्येक लहान अ‍ॅम्पमध्ये मात्र सात ते साडेसात एवढ्यातच शांततेतून एकदम गोंगाटात उडी बसते. मग रात्री नॉब केसभर हलवून आवाज जुळवत बसावे लागते. गेन आणि मास्टर (शेवटचा एकूण आवाज ठरवणारा) असे दोन नॉब असतील तर मास्टर खाली ठेवून थोडी सुटका होते. एकच व्हॉल्यूम असेल तर तीही नाही. गिटारचा व्हॉल्यूम कमी करता येतो, पण त्याबरोबर ट्रेबलही मंद होतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती बाहेरच्या परिसराच्या आवाजाची आहे, तुमच्या खोलीतली नाही. पण चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये रात्री हेडफोनच लागणार, हे त्यावरून कळते.

क्लीन

ई मेजरचा उघडा कॉर्ड मऊ हाताने, मग जोरात. व्हॉल्यूम घड्याळातल्या नऊ, बारा आणि तीनच्या जागी नेऊन हेच करा. कुठून आवाजाला कडा फुटतात ते लक्षात ठेवा. १० वॉटच्या अ‍ॅम्पचा आवाज हमबकरवर बाराच्या आसपास फाटायला लागला तर बिघडत नाही. नऊच्या जागीच फाटत असेल तर क्लीन वाजवणाऱ्याने तो सोडावा.

टोनचे नॉब एकेक करून शून्यापासून दहापर्यंत फिरवा आणि बाकीचे मध्यावर ठेवा. पूर्ण फेरीत फरकच पडत नसेल तर तो नॉब शोभेचा. "सगळे पाचवर म्हणजे सपाट" हा समज बऱ्याच अ‍ॅम्पना लागू नाही. जुन्या फेंडर पद्धतीच्या सर्किटमध्ये सगळे मध्यावर ठेवले की मधले सूर खचलेले असतात. बास आणि ट्रेबल दोनवर, मिडल दहावर नेल्यावर तो सपाटीच्या जवळ येतो. फ्रंटमन १०जीसारख्या अ‍ॅम्पला मिडलचा नॉबच नाही. त्यावर मधला भाग उठवायचा तर बास आणि ट्रेबल दोन्ही खाली आणावे लागतात.

नॉब फिरवताना खरखर आली तर कोकण-मुंबईच्या दमट हवेत ते नवल नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब आत सोडून नॉब वीसेक वेळा फिरवला की बहुधा जाते. टोनच्या नॉबची खरखर त्यानेही गेली नाही तर एखादा कपॅसिटर गळतो आहे.

डिस्टॉर्शन: आधी सा-प, मग गंधार

गेन घड्याळातल्या दोनच्या जागी न्या. पहिल्यांदा पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त सा आणि प. हा नीट वाजणारच. ई आणि बी हे ८२ आणि १२३ हर्ट्झ. डिस्टॉर्शनमध्ये त्यांच्या फरकाचा, ४१ हर्ट्झचा सूर तयार होतो, आणि तो ईचाच एक सप्तक खालचा असतो. म्हणून कॉर्ड जाड आणि सुरेल वाटतो.

आता त्यात गंधार मिसळा: पूर्ण मेजर कॉर्ड. गिटारच्या फ्रेटवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. सा आणि या गंधाराच्या फरकाने जो खालचा सूर तयार होतो, तो साच्या सप्तकात न बसता बराच चढा लागतो, आणि कॉर्ड गढूळ होतो. थोडा गढूळपणा सगळ्याच अ‍ॅम्पमध्ये येतो. गेन बाराच्या जागी आणल्यावर तिन्ही सूर वेगळे कळायला हवेत. तरीही नुसती भणभण येत असेल तर त्या डिस्टॉर्शनवर फक्त पॉवर कॉर्ड वाजतील.

यानंतर तिसऱ्या तारेचा बारावा फ्रेट एकदाच छेडा आणि सूर मरेपर्यंत, आठ-दहा सेकंद ऐका. शेपूट गुळगुळीत विरली पाहिजे. शेवटी फर्र-फर्र करत तुकडे पडत असतील तर आवाज फाडणारे (क्लिपिंगचे) सर्किट हलके आहे. मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये शेपूट एकदम कापली गेली तर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लागलेला असतो. तो कमी करता येतो का ते विचारा.

शेवटी गेन तसाच ठेवून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. आवाज बऱ्यापैकी स्वच्छ व्हायला हवा. जो अ‍ॅम्प हे करतो, त्याच्यावर उजव्या हाताचे वजन शिकता येते. आमच्या मते पंचवीस प्रीसेटपेक्षा (तयार जुळवून ठेवलेल्या आवाजांपेक्षा) ही एक गोष्ट मोलाची आहे.

खोक्याची कुरकुर शोधणे

व्हॉल्यूम निम्म्यावर, क्लीन. सहाव्या तारेवर उघड्या ईपासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवत जा. बहुतेक खोकी एखाद्या ठरावीक स्वरावरच कुरकुरतात. तो स्वर सापडला की तोच वाजवत राहा आणि दुसऱ्या माणसाला हँडल, जाळी, मागची पाटी, नॉब एकेक करून दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथला स्क्रू आवळला की काम होते. घरी ऐकताना आधी कपाटावरचे स्टीलचे डबे आणि खिडकीची काच तपासा. स्पीकरवर येणारा आळ निम्म्या वेळा त्यांचाच असतो. सगळे दाबूनही प्रत्येक खालच्या स्वरावर घरघर राहिली तर मात्र स्पीकर गेला आहे.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून उभ्याने ऐकू नका. वरचे सूर स्पीकरमधून सरळ रेषेत जातात, त्यामुळे गुडघ्याशी वाजणारा अ‍ॅम्प मंद वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर बसलेल्याच्या कानात सुया टोचतात. खुर्चीवर ठेवा, कानाच्या रेषेत आणा. कोपऱ्यात ठेवला तर बास फुगतो. भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

हेडफोन, ऑक्स, ब्लूटूथ

हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, आवाज दोन्ही कानांत येतो का, सर्वात कमी पातळीवर सूं किती, हे पाहा. मग डिस्टॉर्शन लावा. गिटारचा स्पीकर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर गिळून टाकतो; हेडफोन ते सगळे वाजवतात. अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची नक्कल करणारे फिल्टर नसेल तर डब्यात माश्या कोंडल्यासारखा आवाज येतो. रात्रीचा सराव जास्त असेल तर ही चाचणी स्पीकरच्या चाचणीइतकीच महत्त्वाची.

फोनवरून ट्रॅक लावून त्यासोबत वाजवायचे असेल तर ऑक्स इनपुट (बाहेरचे संगीत वायरने आत घेणारा जॅक) हवे. सगळ्यांना ते नसते. ऑरेंज क्रश १२ला नाही, क्रश २०ला आहे. फोनवरून अ‍ॅम्पकडे ब्लूटूथने ट्रॅक पाठवायला हरकत नाही. पण गिटार ऐकायला साधे ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. छेडलेला सूर एक दशांश सेकंदाहूनही उशिरा पोचतो आणि लय सुटते.

दोन अ‍ॅम्पची तुलना आणि शेवटची पंधरा मिनिटे

दोन्ही शेजारी, एकाच उंचीवर, तीच गिटार, तीच केबल. एकच उघडा कॉर्ड वाजवत फोनच्या मापाने दोन्ही एका डेसिबलच्या आत आणा. हे न करता केलेल्या तुलनेत जरा मोठ्याने वाजणाराच जिंकतो. मॉडेलिंग अ‍ॅम्प असेल तर रिव्हर्ब, डिले, कॉम्प्रेसर सगळे बंद आहेत ना, हे पडद्यावर किंवा अ‍ॅपमध्ये जाऊन बघा. प्रीसेटमध्ये ते न सांगता लागलेले असतात.

आवडलेला अ‍ॅम्प पंधरा-वीस मिनिटे सलग चालू ठेवा. मागची पाटी कोमट होणे ठीक. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा आवाज मध्येच खचत असेल तर नको. बॅटरीवाला असेल तर तो बॅटरी आणि अडॅप्टर दोन्हींवर वाजवा. अडॅप्टर लावल्यावरच चीं असा बारीक आवाज येत असेल तर अडॅप्टर बदलून मागा.

जुना अ‍ॅम्प असेल तर यात आणखी एक भर: तो थंड असताना जाऊन चालू करा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवला असेल तर वीस मिनिटे बंद ठेवायला सांगा, कारण चीर पडलेले सोल्डर बरेचदा थंड असतानाच कडकडते आणि गरम झाल्यावर गप्प बसते. नवा घेताना ज्या नगावर चाचणी केली तोच बांधून मागा, आणि बिलावर त्याचा सिरियल नंबर लिहून घ्या.